मुरूम नंतर, आधी पाण्याची वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचे क्रीडाशिक्षक विचारतात: "मैदान साधारण ७० बाय ४५ मीटर, जमीन काळी. खो-खो, कबड्डी आणि धावणं एवढंच चालतं. गेल्या मे महिन्यात आठ ट्रॉली मुरूम पसरला. यंदा जुलैत पुन्हा घोट्यापर्यंत चिखल. उन्हाळ्यात भेगा आणि धूळ. संस्थेचे लोक म्हणतात, दरवर्षी खर्च करण्यापेक्षा एकदाच पेव्हर ब्लॉक बसवून टाकू. काय करावं?"

सर, पेव्हर ब्लॉक बसवू नका, हे आधी सांगतो. त्याचं कारण पुढे येईलच. मी वीसेक वर्षं शाळांची आणि तालुक्याची मैदानं तयार करायचं काम करतोय, आणि तुमच्यासारखा फोन मला दर जुलैला किमान चार ठिकाणांहून येतो. सगळ्यांना मुरूम किती टाकायचा ते हवं असतं. पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या आठ ट्रॉलींचा हिशेब करू. आपल्याकडची ट्रॉली ढोबळमानाने एक ब्रासची, म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आठ ब्रास म्हणजे जवळपास साडेबावीस घनमीटर. तुमचं मैदान ३,१५० चौरस मीटर. सगळीकडे सारखा पसरला तर थराची जाडी भरते ७ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नाही! खाली काळी माती ओली होऊन लोण्यासारखी झाली, वरून दोनशे-तीनशे पोरं नाचली, की तो मुरूम मातीच्या पोटात जातो आणि माती वर येते. मुरूम वाहून गेला असं सगळ्यांना वाटतं. तो वाहून गेलेला नसतो, तिथेच असतो, फक्त चिखलाचा भाग झालेला असतो. पुढच्या वर्षी आणखी आठ ट्रॉली टाकल्या तरी तेच होणार.

म्हणून तुमचा खरा प्रश्न "मुरूम किती" हा नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, भेगाळते. ती सतत हलणारी जमीन आहे. तिच्यावर खेळण्याजोगा पृष्ठभाग टिकवायचा तर तिच्यापर्यंत कमीत कमी पाणी पोचू द्यायचं. बाकी सगळं त्यानंतर.

पाऊस चालू आहे ही अडचण समजू नका. मैदान बघायचा याच्याइतका चांगला काळ नाही. एक जोराची सर येऊन गेली की अर्ध्या तासाने छत्री घेऊन मैदानावर जा. जिथे पाणी साचलंय त्या प्रत्येक डबक्याच्या कडेने काठीने रेघ ओढा, किंवा चार खुंट्या ठोका, आणि मोबाइलवर फोटो काढा. मग वरच्या बाजूला जाऊन पाणी मैदानात नेमकं कुठून शिरतंय ते शोधा. दहातल्या सात शाळांत ते आकाशातून पडलेलं नसतं, इमारतीच्या छपरावरून आलेलं असतं. समजा वर्गखोल्यांची ओळ ४० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावरून १६,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजारी टँकर दीड वेळा रिकामा केल्यासारखं. त्या पाण्याला पन्हळ आणि पाइप नसेल तर ते थेट तुमच्या कबड्डीच्या मैदानात. मी अशा शाळा पाहिल्यात जिथे नुसती पन्हळ लावून पाणी रस्त्याकडच्या गटारात सोडलं आणि निम्मा चिखल गेला. एक घमेलंही मुरूम न टाकता.

पन्हळीनंतर चर. मैदानाच्या वरच्या अंगाला, खेळाच्या रेषेपासून किमान तीन मीटर लांब, हातभर खोल चर काढा आणि तो जाड खडीने भरून टाका. उघडा ठेवू नका, पळताना पोरगं त्यात पडलं तर तुम्हाला आणि मला दोघांनाही झोप लागणार नाही. चराचं तोंड ओढ्याकडे किंवा रस्त्याच्या गटाराकडे काढा. शोषखड्डा करा असं कुणी सुचवेल. तुमच्या काळ्या मातीत तो ऑगस्टपर्यंत तुडुंब भरून बसतो, कारण भिजून फुगलेली काळी माती पाणी झिरपूच देत नाही. पाणी कुणाच्या शेतात सोडताय तेही बघा. एका गावात मी ढाळ अगदी मनासारखा काढला होता, आणि पहिल्या पावसानंतर शेजारचा शेतकरी खुरपं घेऊन हेडसरांच्या केबिनमध्ये उभा! त्याची सोयाबीन पाण्यात बसली होती. चूक माझीच होती.

आता ढाळ. मैदान सपाट हवं असा समज असतो, तो सोडून द्या. मुरमाच्या मैदानाला शंभराला एक एवढा उतार हवाच. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं. त्यात मधली पाटी सर्वांत उंच ठेवायची आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटीमीटर उतार द्यायचा. खेळाडूला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. कबड्डीत उतार एकाच बाजूला पण मध्यरेषेला समांतर द्यायचा, म्हणजे दोन्ही अंगणांना सारखाच मिळतो. उलटा दिला तर एक संघ कायम चढावर खेळतो. हा प्रकार मी एका तालुका स्पर्धेत पाहिलाय. नाणेफेक जिंकलेला कप्तान बरोबर वरचं अंगण मागायचा. ढाळ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो. दोन पोरं, एक पाइप, एक टेप आणि खुंट्यांना बांधलेला सुतळीचा दोरा, एवढ्यात एका सकाळी काम होतं.

जमिनीचं काम कधी करायचं? बहुतेक शाळा मे महिन्यात करतात, कारण सुट्टी असते. माझं मत दिवाळीच्या सुट्टीच्या बाजूने आहे. मे महिन्यात माती दगडासारखी असते, पाणी विकत घ्यावं लागतं, आणि काम मुरायच्या आत वळीव येऊन नवा थर धुऊन नेतो. दिवाळीत जमिनीत ओल असते, वर ऊन असतं, आणि पुढच्या पावसापर्यंत सात महिने खेळून खेळून थर बसतो. अर्थात, तुमच्याकडे परतीचा पाऊस लांबला तर सुट्टी चिखलातच जाते. मग नाताळपर्यंत थांबा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या शाळेत शेतकऱ्यांचीच पोरं असतील, त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पेरणीला वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, लागतो तसा मैदानालाही लागतो. रोलर फिरवायचा, खड्डा भरायचा, वरवर कुळवायचं, जे काही करायचं ते वाफशावर. मूठभर माती घ्या, घट्ट दाबा. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी आहे. वळला, तर कमरेच्या उंचीवरून सोडा. जमिनीवर पडून चार-पाच तुकडे झाले की वाफसा आहे. थापटीसारखा पसरला तर घरी जा, उद्या या. कोरड्यावर रोलर फिरवला तर नुसता फुफाटा उडतो, थर बसत नाही. ओल्यावर फिरवला तर वरचा पापुद्रा रोलरला चिकटून वर येतो, तव्याला चिकटलेल्या थालीपीठासारखा, आणि खाली पाणी कोंडून राहतं.

थराची रचना सांगताना माझी एक फजिती सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काळात एका शाळेत मी मोठ्या उत्साहाने काळी माती फूटभर खोल खणून काढली आणि उत्तम तांबडा मुरूम भरला. उन्हाळ्यात मैदान बघायला माणसं आली. ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर उडी मारली तर गादीसारखं हलायला लागलं. मी काळ्या मातीत हौद बांधला होता! वरचं पाणी मुरमातून खाली जायचं, चारही बाजूंनी काळी माती, बाहेर पडायला वाट नाही. तेव्हापासून काळ्या जमिनीत मी खाली जात नाही, वर येतो.

म्हणजे असं: वरचा पाच-सात सेंटीमीटरचा थर गवताच्या मुळांसकट खरवडून काढा. ती माती फेकू नका, बागेसाठी न्यायला लोक स्वतःची ट्रॉली घेऊन येतात. खालच्या जमिनीलाच ढाळ द्या आणि वाफशावर दाबून घ्या. हा ढाळ खालीच द्यायचा, नुसता वरच्या थरात नाही, नाहीतर छोटा हौद होतोच. त्यावर जाडा, कठीण मुरूम, दाबल्यावर दहा सेंटीमीटर भरेल एवढा, तोही दोन थरांत. त्यावर चाळलेला बारीक मुरूम पाच सेंटीमीटर. मैदान आजूबाजूपेक्षा आठ-दहा सेंटीमीटर उंच, बसक्या ओट्यासारखं दिसलं पाहिजे. रोलर कडेकडून सुरू करून मध्याकडे न्यायचा, प्रत्येक फेरीत आधीचा निम्मा पट्टा पुन्हा घेत. मध्यापासून सुरुवात केली तर मुरूम कडेला सरकतो आणि तुमचा ढाळ बिघडतो. कडा आणि खांबांच्या आसपास रोलर पोचत नाही, तिथे धुम्मस, म्हणजे हाताने जमीन ठोकायचं जड अवजार.

हिशेब: खो-खोच्या मैदानाभोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तर ३३ बाय २२, म्हणजे ७२६ चौरस मीटर. दाबून पंधरा सेंटीमीटर हवा असेल तर सुटा मुरूम तीसेक टक्के जास्त आणावा लागतो. ते होतात जवळपास ५० ब्रास. आकडा ऐकून संस्थेचे लोक दचकतील. म्हणून माझा सल्ला असा की सगळं मैदान करायचा हट्ट सोडा. एकच मैदान नीट करा, उरलेल्यावर हरळी वाढू द्या. पैसे कमी असतील तर यंदा पन्हळ, चर, ढाळ आणि खालचा थर. वरचा थर पुढच्या दिवाळीत. अर्धवट वाटेल, पण मधल्या पावसात खालचा थर कुठे बसतो ते दिसतं, आणि तेवढंच भरून घेता येतं. मुरूम हे गौण खनिज आहे, तेव्हा परवाना आणि पावती असलेलाच घ्या. रात्री येणारा स्वस्त मुरूम शाळेच्या दारात नको.

मुरूम कुठला? खाणीवर जाऊन डोळ्यांनी सांगता येत नाही, निदान मला येत नाही. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या, तिसरा हिस्सा मुरूम भरा, पाणी घाला, चिमूटभर धुण्याची पावडर टाका आणि दोन मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात जो खाली बसतो तो वाळूचा भाग. दोन तासांत त्यावर बसते ती रेशमासारखी गाळमाती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत वर जो थर दिसतो तो चिकणमातीचा. वरच्या थरासाठी मला चिकण भाग साधारण पाचवा हिस्सा लागतो. फार कमी असेल तर मुरूम धरत नाही, जानेवारीतच भुकटी होऊन उडतो. निम्मा असेल तर पैसे देऊन चिखल विकत आणलात असं समजा. कमी-जास्त असेल तर दोन खाणींचा मिसळून घ्या. चाळायला गवंड्याची वाळूची बारीक जाळी पुरते. अनवाणी खेळणाऱ्या पोरांसाठी हे चाळणं टाळू नका.

कोकणात किंवा गोव्यात, जांभ्याच्या जमिनीवर असता तर मी यातलं निम्मं सांगितलं नसतं. तिथे पाणी मुरतं, जमीन फुगत नाही. तिथला त्रास वेगळा, वरची माती धुऊन जाते आणि दगड उघडे पडतात. महाबळेश्वर पट्ट्यातल्या पावसातही हे गणित बदलतं. मी सांगतोय ते काळ्या जमिनीचं, मध्यम पावसाचं.

आता पेव्हर ब्लॉक. कबड्डीत पकड झाली की माणूस गुडघ्यावर, कोपरावर, खांद्यावर पडतो. खो-खोत खांबाजवळ आणि सूर मारताना पडणं हा खेळाचाच भाग आहे. सिमेंटवर हे खेळ म्हणजे टाके घालायला आमंत्रण. शिवाय काळ्या मातीवर ब्लॉकही सरळ राहत नाहीत. दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात, आणि मग प्रत्येक कडा ही ठेच. ब्लॉक बसवायचेच असतील तर परिपाठाच्या जागेत आणि गाड्या लावतात तिथे बसवा, तिथे ते उत्तम. कृत्रिम हिरवळीबद्दलही विचारणा होते. ती उन्हात इतकी तापते की दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, आणि आठ-दहा वर्षांत बदलावी लागते तेव्हा देणगीदार सापडत नाही. मॅटचा मुद्दा मात्र मला पटतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर गेल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषकही मॅटवरच झाला. तुमची पोरं जिल्ह्याच्या पुढे जात असतील तर मॅटची सवय हवी. पण मॅट उंचसखल मातीवर टाकली तर सांधे उघडतात आणि पाय अडकतो. म्हणजे आधी सपाटीचं काम आलंच.

रोजच्या निगेकडे येतो. इथे बहुतेक शाळा मार खातात, कारण मैदान कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. शिपाई म्हणतो माझं काम झाडलोट, शिक्षक म्हणतात माझं काम शिकवणं.

पहिला नियम बंदीचा. पाऊस थांबल्यावर मैदान उघडायचं की नाही हे टाच ठरवते. टाच रोवून अर्धी फिरवा. नखाच्या जाडीपेक्षा खोल खळगा पडला तर आज मैदान बंद, पोरं कितीही भुणभुणली तरी. ओल्या मैदानावरचा एक तास महिनाभराचं काम बिघडवतो. चिखलात उमटलेले पायांचे ठसे तसेच वाळतात, आणि ऑक्टोबरात त्याच ठशांवर घोटे मुरगळतात. अवघड भाग असा की तालुक्याच्या शालेय स्पर्धा बहुतेक श्रावण-भाद्रपदातच येतात, मैदान सर्वांत ओलं असतं तेव्हा. सराव बंद ठेवणं परवडत नाही हे मला कळतं. म्हणूनच एक ओटा तरी पक्का करा म्हणतोय, आणि ओल्या दिवसांत सराव तिथेच, बाकीचा व्यायाम व्हरांड्यात.

दुसरं, झिजलेल्या जागा. खो-खोचं मैदान सगळीकडे सारखं झिजत नाही. खांबाभोवती, जिथे पोरं वळतात तिथे, आणि बसणाऱ्यांच्या चौकोनांच्या पुढे, जिथून पाय रेटून उठतात तिथे. सराव संपल्यावर वाकून बघा. खांबाच्या बुडाशी बशीसारखा खळगा आणि त्याच्या पलीकडे अर्धचंद्रासारखा मातीचा वरंबा दिसेल. ती माती त्या खळग्याचीच आहे. दताळ्याने ती रोज जागच्या जागी ओढून घ्यायची, तीन मिनिटांचं काम आहे. महिनाभर सोडलं तर ती वाऱ्याने जाते आणि खळग्यात पाणी साचतं. मोठा खड्डा भरताना नुसती सुटी माती ओतू नका, पहिल्याच सामन्यात ती उडेल. आधी तळ टिकावाने ओरखडा, पाणी शिंपडा, वाफशावर आला की दोन थरांत माती घालून धुम्मस मारा. भिंतीला गिलावा धरायला आधी टाचे मारतात ना, तसंच.

खांबाबद्दल आणखी एक. खांब रोवताना सिमेंटचा गोळा जमिनीच्या पातळीपर्यंत आणतात. वरची माती झिजली की सिमेंटची कडा उघडी पडते, आणि अनवाणी पोराचं बोट नेमकं तिथे फुटतं. सिमेंट वीतभर खालीच थांबवा, वर मुरूम. खांब जमिनीच्या वर १२० ते १२५ सेंटीमीटर असायला हवा. माती झिजली की तो आपोआप उंच होत जातो, हे कुणी मोजत नाही.

उन्हाळ्यातली धूळ. त्यावर पाणी, पण सकाळी खेळायच्या आधी शिंपडून उपयोग नाही, वरचं ओलं होतं आणि घसरतं. आदल्या संध्याकाळी मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी वाफशावर हलका रोलर. ७२६ चौरस मीटरवर तीन मिलिमीटर पाणी म्हणजे दोन हजार लिटरपेक्षा थोडं जास्त. एप्रिलमध्ये बोअर आटलेली असते तेव्हा रोज हे जमणार नाही. आठवड्यातून दोनदा नीट भिजवणं हे रोजच्या शिंतोड्यांपेक्षा चांगलं.

धूळ बसावी म्हणून मीठ टाका, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. साधं मीठ हवेतला ओलावा ओढतं ते हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तेव्हा. मुंबईच्या, कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग दिसतो. तुमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी मीठ नुसतं पडून राहतं. आणि काळ्या मातीत सोडियम वाढलं की मातीचे कण सुटे होऊन ती आणखी चोंदते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कॅल्शियम क्लोराइड कोरड्या हवेतही ओल धरतं, पण भेगाळलेल्या पायांना झोंबतं. शाळेत मी ते वापरत नाही.

भेगांत वाळू किंवा मुरूम भरायची खोडही नको. पावसात माती फुगते, भेग मिटायला जागा राहत नाही, मग जमीन उकलते आणि उंचवटे येतात. भेग वरवर कुळवून, तीच माती आत ढकलून, पाणी देऊन मिटवा.

आखणीला फक्की म्हणून चुना वापरत असाल तर आजच बंद करा. चुनकळीची पूड असेल तर ती डोळ्यांत गेल्यावर डोळा भाजतो, आणि विझलेला चुनाही घामेजल्या कातडीला चांगला नाही. खडूची किंवा संगमरवराची पूड घ्या. काटकोनासाठी तीन-चार-पाचचा दोरा सगळ्यांना माहीत असतो, पण कर्ण मोजल्याशिवाय मी उठत नाही. खो-खो २७ बाय १६ चा कर्ण ३१.३८ मीटर, कबड्डी १३ बाय १० चा १६.४० आणि १२ बाय ८ चा १४.४२. व्हॉलीबॉलच्या १८ बाय ९ चा २०.१२, आणि गंमत म्हणजे क्रिकेटची २२ यार्डांची खेळपट्टीही २०.१२ मीटरच. त्या दोरावर मी एकच गाठ मारून ठेवली आहे. कोपऱ्यांत जमिनीच्या वीतभर खाली लोखंडी खुंट्या पुरून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने मोजणं नको.

लांब उडीच्या खड्ड्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण असेलच. त्यात क्रश सँड भरू नका. तिचे कण टोकदार असतात, ते एकमेकांत अडकून थर घट्ट बसतो. गोल कणांची धुतलेली वाळू हवी. उडीच्या आधी खणून मोकळी करायची आणि रात्री ताडपत्री टाकायची, नाहीतर गावातल्या कुत्र्या-मांजरांना तयार शौचालय मिळतं.

मैदानाचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नाही, मांडव आहे. स्नेहसंमेलन, लग्नाला भाड्याने दिलेली जागा, मतदानाच्या दिवशीच्या गाड्या. एका ओल्या दिवशी ट्रक आत आला की चाकांच्या दोन चाऱ्या तीन वर्षं निघत नाहीत. मांडवाचे खड्डे वरून माती ढकलून बुजवतात, आत पोकळी राहते, आणि जूनमध्ये तिथेच पाय जातो. संस्थेला सांगून दोन अटी लिहून घ्या: पक्क्या केलेल्या मैदानावर गाडी नाही आणि खुंटी नाही, आणि खड्डे बुजवून दाखवल्यावरच अनामत परत. हे तुम्ही एकट्याने सांगितलं तर वाईटपणा येतो, म्हणून ठराव करून घ्या.

कामाचा क्रम लावायचा तर: आता पावसात डबक्यांची पाहणी, सप्टेंबरपर्यंत पन्हळ आणि पाइप, परतीचा पाऊस ओसरल्यावर चर, ढाळ आणि खालचा थर, मुरमाची बाटली त्याआधी. आणि पुढच्या जुलैत, पहिल्या मोठ्या सरीनंतर, पुन्हा छत्री घेऊन डबकी बघायला.

एक काम मात्र लगेच करा. मैदानाच्या कडेने जमिनीलगत पसरलेली, चिंचेसारख्या बारीक पानांची, छोट्या पिवळ्या फुलांची वेल दिसेल. सराटा. आत्ता तिला फुलं असतील, काटे अजून हिरवे. फळं वाळली की काटा मातीत उतरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच उगवत राहतो. ओल्या मातीत ती मुळासकट सहज येते. शनिवारी सकाळच्या शाळेत एक वर्ग ओळीने उभा करा, गाजर गवत दिसलं तर तेही, पण त्याला हातमोजे. उपटलेलं सगळं पोत्यात भरा. कुंपणापलीकडे फेकलंत तर पोरांच्या चपलांना चिकटून परत येतं.